धोंड्याच्या महिन्यात जीपखाली

आमच्या सासऱ्यांना मी मामा म्हणायचो आणि बायको दादा, तिकडची रीतच तशी. नेवाशाच्या अलीकडे, प्रवरेच्या काळ्या रानात त्यांची वस्ती होती. माणूस देवभोळा, निर्व्यसनी, पण दोन गोष्टी त्यांच्याच्यानं सुटत नसत. एक म्हणजे जुनी वस्तू आणि दुसरी म्हणजे लिलाव. मोट जाऊन विहिरीवर ऑइल इंजिन आलं त्याला आठ-नऊ वर्षं झाली होती, तरी मोटेचं चामडं तेल लावून, गुंडाळून, माळ्यावर जपून ठेवलेलं. मी एकदा विचारलं, "मामा, हिचं काय लोणचं घालायचंय?" तर म्हणाले, "आसू द्या. खायाला मागत न्हाई."

दुष्काळ सरून पाऊसपाणी पुन्हा बरं झालं, तसे मामा नगरला गेले आणि लष्कराच्या लिलावातून एक म्हातारी जीप घेऊन आले. चारही चाकांनी ओढणारी. वस्तीवर आणली ती मात्र बैलांनी ओढत. "बंद पडली का हो?" मी विचारलं. "बंद कशानं पडंल? दमलीय," मामा म्हणाले. साठी ओलांडलेला हा गृहस्थ मग स्वतःच्याच नांगरटीत गाडी शिकला. पहिले आठ दिवस कुंपणाची बाभूळ सोडून त्यांनी सगळ्याला धडक दिली.

मी श्रीरामपुरात स्टेशनाजवळ गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवायचो. तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि डोक्यात राख घालून घ्यायला मला फारसं निमित्त लागत नसे. गिऱ्हाइकाशी एकदा तरी वाजल्याशिवाय मला काम केल्यासारखं वाटत नव्हतं. लूज तार दिसली की मी मालकाच्या सात पिढ्या उद्धरायचो. बायको म्हणायची, "तुम्हाला मीटर बसवलं पाहिजे. काटा सदा लालवरच राहील."

तर ही बायको त्या साली पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती. पहिलं बाळंतपण माहेरीच, त्यात सासूबाईंपुढं, म्हणजे मामींपुढं, ब्रह्मदेवाचं चाललं नसतं. पण आठव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि सांगितलं, मूल पायाळू आहे, पाय खाली आहेत, घरी सुईणीच्या हातून काही करू नका, कळा सुरू झाल्या की तडक दवाखान्यात आणा. तडक म्हणायला त्यांचं काय जातं! वस्तीपासून डांबरी सडकेपर्यंत दोन मैल काळ्या मातीची वाट, मध्ये ओढा. पाऊस लागला की त्या वाटेत बैलगाडी आसापर्यंत रुतते. मला झोप लागेना. मी म्हटलं, आत्ताच श्रीरामपूरला आणतो. मामी म्हणाल्या, "एका खोलीत? तिला उठाय-बसाय कोन हाय तिथं?" शेवटी तह झाला. दिवस भरायच्या पंधरा दिवस आधी मी तिला घेऊन जायचं. तोपर्यंत जीप कुठल्याही चिखलातून निघेल, अशी तजवीज मामांनी करायची.

मामांनी ती केली लिलावातच. पुढच्या खेपेला त्यांनी एक विजेवर चालणारं विंच उचलून आणलं. गाडीच्या पुढच्या बंपरवर बसवायचा ढोल, त्यावर गुंडाळलेला तारेचा दोर आणि ढोल फिरवायला बॅटरीवरची मोटार. दोराचं टोक समोरच्या झाडाला बांधायचं, बटण दाबायचं, की गाडी स्वतःच स्वतःला ओढून काढते. मी समजावून सांगायला लागलो तर मामांनी हात वर केला. "कळलं. यारीच की ही. हिरीतला गाळ काडायच्या ऐवजी आपुनच वर यायचं." त्याहून नेमकं मलाही सांगता आलं नसतं, पण तसं मी बोललो नाही.

नेमका तेव्हा धोंड्याचा महिना लागला. अधिक महिना दर तिसऱ्या सालाला येतो, आणि त्यात लेक-जावयाला बोलावून, जावयाचे पाय धुऊन, पुरणाचे धोंडे तुपात बुडवून खाऊ घालायचे असतात. जावई म्हणजे त्या दिवसापुरता विष्णू. मलाही बोलावणं आलं. मी विचार केला, नाही तरी जायचंच आहे तर विंचची वायरिंग उरकून टाकू. एका पिशवीत पाने, कातरी, सोल्डरचा डाग द्यायचं सामान, करंगळीएवढ्या जाड तांब्याच्या तारा आणि एक मेन स्विच भरला आणि सकाळची एसटी धरली. दुपारी जेवायचं, त्याआधी काम. केवढा साधा बेत होता!

मी जीपखाली शिरलो आणि मामींनी किंकाळी फोडली.

"आगं बया! जावयाला गाडीखाली घातलं! लोकं शेन घालतील तोंडात!"

मामा धावत आले. विष्णूला पाय धरून बाहेर काढण्यात आलं, चहा पाजण्यात आला. मी पुन्हा आत शिरलो. पाव तासानं पोहे आले. मग कुणी सतरंजी आणली, निदान तिच्यावर तरी झोपा म्हणून. मग शेजारच्या वस्तीवरची माणसं आली, ती जावयाला बघायला की विंच बघायला ते मला अजून कळलेलं नाही. बायको ओसरीत भिंतीला टेकून, पोटावर हात ठेवून, हे सगळं बघून इतकी हसत होती की मामी तिच्यावरही ओरडल्या.

मामांनी पाटावर बसून माझ्यावर देखरेख चालवली होती. त्यांच्या मते मी तार वाया घालवत होतो. "तुमीच म्हनता, लोखंडातनं करंट जातो. मंग परत यायाला ही दुसरी तार कशापायी? गाडीची चेसी हायच की लोखंडाची."

"मामा, तुमची चेसी गंजलीय. इंजिनाला पाच इंची पाइप जोडला आणि पुढं पाणी बोटभर नळीतून सोडलं तर काय होईल?"

"पाइप फुटंल."

"इथं गाडी पेटेल. विंच ओढायला लागलं की गाडी चालू करणाऱ्या सेल्फपेक्षा जास्त करंट खातं, आणि सेल्फ दोन क्षण चालतो, हे मिनिट-मिनिट चालणार. म्हणून जायलाही जाड तार आणि यायलाही जाड तार, थेट बॅटरीपर्यंत. आणि बॅटरीशेजारी हा मेन स्विच. काम नसेल तेव्हा बंद. म्हणजे पुढच्या तारेत जीवच राहणार नाही."

मग माझं सगळ्यात आवडतं व्याख्यान सुरू झालं. बॅटरीवरून बंपरकडं जाणारी तार समोरच्या पत्र्याच्या भोकातून जात होती. मी खिशातून एक रबरी कडं काढून मामांच्या नाकापुढं धरलं. "हे बघा. पत्र्याला धार असते. गाडी हादरते, तार घासते, वरचं रबर कापलं जातं, आणि ज्या दिवशी तुम्ही विंचला जोर लावाल त्याच दिवशी तांबं पत्र्याला टेकतं. भडका! वर पेट्रोल! ह्या भोकात हे कडं बसवलं नाही ना, तर बाकीची सगळी वायरिंग पाण्यात. गाड्या जळतात त्या मोठ्या चुकीनं नाही मामा, एवढ्याशा रबरानं जळतात." मामा मन लावून ऐकत होते. कडं हातात घेऊन त्यांनी फिरवून बघितलं, परत दिलं, मी ते खिशात टाकलं. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

तेवढ्यात जमलेल्या मंडळींना दम निघेना. "फिरतंय का ते दावा की!" म्हणून गलका झाला. मलाही हौस होतीच. म्हटलं, आत्ता तारेचं टोक मोटारीला नुसतं लावू, फिरवून दाखवू, मग परत सोडवून, कडं ओवून, पक्कं कसू. टोक बोल्टावर चढवलं. जरा कसूनच चढवलं. मेन स्विच टाकला, बटण दाबलं, आणि ढोल असा घुर्र करून फिरला की बायाबापड्यांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी टोपी काढून कपाळ पुसलं. मी राजासारखा उभा राहिलो.

"पाव्हनं, ताट वाडलंय!" आतून मामींची हाक आली. "येळ टळतीय!"

मग काय विचारता! ग्रीसनं माखलेला शर्ट उतरवायला लावला, अंगावर कोरं धोतर आणि नवा शर्ट चढवला, पाटावर बसवलं. मामांनी तांब्यानं माझ्या पायावर पाणी घातलं आणि मामींनी पदरानं पाय पुसले. मग धोंडे आले. मी नको नको म्हणत सात खाल्ले. तूप तर ओंजळीनं होतं. त्यानंतर मी जो आडवा झालो तो चारला उठलो, आणि पाचची एसटी होती.

निघताना मी मामांना दटावलं, "आता ह्यातल्या एकाही बोल्टाला हात लावायचा नाही. माझी शपथ आहे." मामा म्हणाले, "न्हाई लावत."

कडं बसवायचं राहिलं होतं. मला त्याची आठवणसुद्धा झाली नाही. एखादी गोष्ट दुसऱ्याला घसा कोरडा करून शिकवली की ती आपण केलीच, असं आपल्याला वाटायला लागतं. माझं निदान तसं झालं.

ठरल्याप्रमाणं मी बायकोला आणायला गेलो तो पितरांचा पंधरवडा होता. परतीचा पाऊस दोन दिवस कोसळत होता. सडकेवर एसटीतून उतरून वस्तीवर पोचेपर्यंत चपला हातात आणि चिखल मांडीपर्यंत. दारात पाऊल टाकलं तर मामी समोर आल्या. पोरीला पहाटेपासून कळा येत होत्या. पंधरा दिवस आधीच!

मी बहुतेक ओरडलोच, कुणावर ते आठवत नाही. मामांनी गाडी बाहेर काढलेलीच होती. मागं गादी टाकली, बायकोला निजवलं, मामी उशाला बसल्या. मामांनी चारही चाकांचा गिअर टाकला, आणि जीप खरंच एखाद्या म्हशीसारखी चिखल तुडवत निघाली. ओढ्यापर्यंत ठीक गेली. ओढ्यात उतरली, आणि पलीकडच्या चढाला बसली. चाकं फिरायची आणि गाडी खाली खाली जायची.

"मामा, थांबा! इंजिन बंद करू नका!" मी उडी मारली. दोर सोडवत सोडवत पलीकडच्या बाभळीपर्यंत नेला, बुंध्याला गोणपाट लपेटलं, साखळी घातली, आकडा अडकवला. परत येऊन बघतो तर मामा बॉनेट उघडून आत डोकं घालून उभे.

"अहो, काय करताय?"

"बगतोय."

"काय बघताय? पूजा मागनं करा! ती तिकडं तळमळतेय आणि तुम्ही आरशात बघितल्यासारखं काय बघत बसलात!" सासऱ्याशी कुणी असं बोलत नाही. मी बोललो. मामांनी आत हात घालून काही तरी चाचपलं, बॉनेट लावलं, आपलं भिजलेलं घोंगडं काढून ताणलेल्या दोरावर टाकलं, दोर तुटला तर उसळू नये म्हणून. हे मीच शिकवलेलं. आणि गाडीवर जाऊन बसले.

मी मेन स्विच टाकला आणि बटण दाबलं. ढोल कण्हला, दोर ताठ झाला, बाभूळ करकरली. गाडी हातभर सरकली. मोटार तापू नये म्हणून थांबलो. पुन्हा दाबलं, पुन्हा हातभर. मागून बायको ओरडली, मग त्याच दमात म्हणाली, "तुमच्या त्या मोटारीला... माझ्यापेक्षा जास्त... विश्रांती देताय!" मी पुन्हा बटण दाबलं. पाचव्या का सहाव्या खेपेला पुढची चाकं कडक जमिनीला लागली आणि जीप वर आली. मामांनी ती जी सोडली ती दवाखान्याच्या पायरीपर्यंत.

मुलगी झाली. पायाळू ती पायाळूच आली, पण आली धड, आणि आईसुद्धा धड राहिली. डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, "वेळेत आणलंत." मी ओसरीवर बसून ढसाढसा रडलो. मामा शेजारी बसून बोटांवरचा चिखल खरवडत होते.

त्यानंतर तीन वर्षं मी त्या वायरिंगवर जगलो. बारसं, लग्नं, जत्रा, कुठंही चार माणसं भेटली की माझं सुरू. जाड तार, परतीची तार, मेन स्विच, रबरी कडं. "एवढंसं रबर, पण त्यानं माझी बायको आणि पोरगी वाचवली," असं मी छातीवर हात ठेवून सांगायचो. आणि शेवटी मामांकडं बोट, "आणि हे आमचे मामा, ऐन वेळी बॉनेटमध्ये तोंड बघत होते!" माणसं खो खो हसायची. मामाही हसायचे. "आमाला काय कळतंय त्यातलं," म्हणायचे.

पुढचा धोंड्याचा महिना आला. बायको आणि पोरगी चार दिवस आधीच पुढं गेल्या होत्या, मी सकाळी पोचलो. मामा ओसरीत पालथे पडलेले आणि तीन वर्षांची नात त्यांच्या पाठीत लाथा घालत होती. पायाळू माणसाची लाथ बसली की उसण जाते म्हणतात. मामांना त्या पोरीमुळं वारंवार उसण भरायला लागली होती. मी म्हटलं, बघू तरी विंच कसं आहे, आणि बॉनेट उघडलं.

पत्र्याच्या भोकात रबरी कडं नव्हतं.

तिथं चामडं होतं. वीतभर लांब, तेल पिऊन काळंभोर झालेलं, मोटेचं चामडं. तारेभोवती दोनदा लपेटून दाभणानं शिवलेलं, टाका टाक्याला लागून, दोन्ही टोकांना मेण लावलेल्या दोऱ्यानं आवळलेलं. बोल्टाला पाना लागल्याची खूण नव्हती. जिथं पत्र्याची धार येत होती तिथं चामड्यात खोल खाच पडली होती. वरचा पदर पार कापला गेला होता, आतला शाबूत होता. मी कितीतरी वेळ ती खाच बोटानं चाचपत राहिलो.

"मामा," मी हाक मारली, "हे चामडं कुणी घातलं?"

"कंचं चामडं?" मामा पालथेच होते. "तुमीच घातलं आसंल."

मी सरळ चुलीपाशी बायकोकडं गेलो. ती पुरण वाटत होती. माझं तोंड बघून तिनं पाटा सोडला, हात धुतले, आतून आपली माहेरची ट्रंक ओढली आणि तळातून ते रबरी कडं काढून माझ्या तळहातावर ठेवलं.

"शर्ट भिजत घातला तेव्हा खिशात मिळालं. दादांना दाखवलं. म्हटलं, ह्यांनी ज्याच्यावर तासभर कीर्तन केलं तेच हे. दादा म्हणाले, ते ओवायचं तर बोल्ट काढावा लागंल, आन् जावयानं शपथ घातलीय. मग माळ्यावरनं मोट काढली."

"आणि तीन वर्षं मला कुणी सांगितलं नाही?"

"धोंड्याच्या जेवनाला बसवलेल्या जावयाची चूक काडायची व्हय?" मामी चुलीपुढूनच म्हणाल्या. "आन् तुमी सांगत हुता किती रंगून!"

मला शरमेनं मेल्यासारखं झालं. ओढ्यात तो माणूस बॉनेट उघडून आपले टाके धड आहेत का ते बघत होता, आत त्याची लेक कळा देत होती, आणि मी त्याला पूजा मागनं करा म्हणालो होतो. गावोगाव म्हणालो होतो.

मला पुन्हा कोरं धोतर नेसवलं, पाट मांडला. मामा तांब्या घेऊन आले. "पाय म्होरं घ्या, पाव्हनं." मी पाय मागं ओढले. म्हटलं, "मामा, आज माझे पाय धुऊ नका."

मामांनी माझ्या मुठीकडं बघितलं. मुठीत कडं होतं. "बरं," ते म्हणाले आणि तांब्या खाली ठेवला. "मंग आदी ते बसवून या. तीन साल खोळंबलंय."

मी कोऱ्या धोतरानिशी उठलो आणि जीपखाली शिरलो. बोल्ट काढला, कडं ओवलं, परत कसला. चामडं मात्र मी जरासं मागं सरकवून तसंच ठेवलं, एक टाकाही उसवला नाही. सगळं होईपर्यंत ताट पार निवून गेलं असेल, पण त्या दिवशी मामींनी मला एकदाही हाक मारली नाही.